परसातल्या कोंबड्यांची हिफाजत : साप, बोका आणि आपली गफलत

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या धंद्यात ३० वर्षे घालवलेला माणूस कोंबड्यांवर लिहायला बसला, याचे आपणास आश्चर्य वाटेल. पण आमच्या परभणी जिल्ह्यात कापडाच्या खातेवहीचा आणि कोंबडीच्या खुराड्याचा संबंध जवळचा आहे. मानवत, पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या भागांतून बाजाराच्या दिवशी येणाऱ्या कितीतरी बायका अंडी आणि कोंबड्या विकून आलेल्या पैशातून आमची उधारी फेडतात. कापसाचा पैसा घरातल्या पुरुषाच्या हातात वर्षातून एकदा येतो. अंड्याचा पैसा मात्र बाईच्या हातात दर आठवड्याला येतो. मुलाची वही, डॉक्टरची फी, ईदचे कपडे हे सारे याच पैशातून निघते.

एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे, म्हणून आधी सांगतो.

दोन रात्रींत रिकामे झालेले खुराडे

२०२२ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट. पाथरीकडच्या एका खेड्यातल्या एक बेवा बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. मी त्यांना आपा म्हणतो. रमजान ईदला मुलांसाठी घेतलेल्या कापडाची बाकी त्यांच्या नावावर होती. त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाई, या महिन्यात जमणार नाही. चौदाच्या चौदा कोंबड्या गेल्या."

गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला बहाणे ऐकायची सवय असते. मी म्हणालो, "आपा, दरवेळी कोंबड्याच कशा मरतात?" त्या काही बोलल्या नाहीत. उठून गेल्या.

पंधरा दिवसांनी त्याच गावचे दुसरे गिऱ्हाईक आले, तेव्हा खरी हकीकत कळली. आपांचा चौदा वर्षांचा मुलगा संध्याकाळी अंधार पडता पडता अंडी काढायला गेला. खुराडे म्हणजे दगडमातीची भिंत, वर पत्रा आणि पुढे एक फळी. त्याने न पाहता आत हात घातला. आत नाग होता. तो बोटाला चावला. आपा मुलाला घेऊन परभणीच्या सरकारी दवाखान्याकडे धावल्या. खुराड्याची फळी तशीच उघडी राहिली. त्या दोन रात्री दवाखान्यात मुलाच्या उशाशी बसून होत्या आणि इकडे गावातली कुत्री व बोके यांनी सारे खुराडे रिकामे केले.

अल्लाहच्या कृपेने मुलगा वाचला, कारण त्याला वेळेत दवाखान्यात नेले. बोटाचे कातडे अजून काळपट आहे. मी नंतर त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि विचारले की मुलाचे मला का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "भाई, लेकराच्या दुखण्याचे नाव सांगून उधारी लांबवायची नव्हती."

त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती घेऊ लागलो. पशुवैद्यकांना विचारले, सर्पमित्रांना विचारले, जुन्या जाणत्या बायकांना विचारले. आमच्या घरच्या आठ कोंबड्यांचे खुराडेही मी त्याच आठवड्यात उलटेपालटे करून पाहिले. कापडाच्या जुन्या पेट्यांच्या फळ्यांचे ते खुराडे होते आणि मागच्या बाजूला माझी मूठ जाईल एवढी फट होती. जी गफलत आपांची समजत होतो, तीच माझ्या अंगणात होती.

हिशेब आधी

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. चौदापैकी दहा कोंबड्या अंड्यावर धरल्या तरी वर्षाची ५०० च्या वर अंडी होतात. आमच्या बाजारात गावरान अंडे १२ रुपयांना धरले तर ६ हजार रुपये झाले. एक मोठी कोंबडी ४०० रुपयांची धरली तर चौदा कोंबड्यांचे ५ हजार ६०० रुपये. म्हणजे दोन रात्रींत त्या घराचे मुद्दल गेले आणि वर्षभराचा नफाही गेला. माझ्या दुकानातून एवढ्या प्रमाणात माल गेला असता तर मी उभा राहू शकलो नसतो.

आणि आपण दुकानाला काय करतो? शटर, दोन कुलुपे, रात्रीचा दिवा. गावातल्या बाईच्या दुकानाला मात्र एक फळी. आपल्याकडे म्हण आहे की म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. एकदा खुराड्याची वाट सापडलेला बोका पुन्हा पुन्हा येतो. म्हणून पहिले नुकसान झाले की त्याच दिवशी बंदोबस्त केला पाहिजे.

चोर कोण ते ओळखा

नुकसान झाले की लोक सापाला दोष देतात. पण प्रत्येक चोराची खूण वेगळी असते.

१) अंडे किंवा लहान पिल्लू नाहीसे झाले, पण ना रक्त, ना पीस, ना कवच, तर बहुधा साप. साप भक्ष्य अख्खे गिळतो. आमच्याकडे नाग आणि धामण हे दोघे खुराड्यात येतात. पिल्लू गिळून पोट फुगलेला साप आला त्या फटीतून परत जाऊ शकत नाही आणि सकाळी आतच सापडतो. हे फार धोक्याचे असते.

२) अंडी फोडून खाल्लेली, कोंबडीच्या मानेला चावा, आणि हे सारे दिवसाउजेडी किंवा पहाटे झालेले, तर मुंगूस. मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी आहे. रात्रीच्या नुकसानीचा आळ त्याच्यावर घेऊ नये.

३) रात्रीतून एखादी कोंबडी उचलून नेली, बाहेर पिसांची ओळ दिसते, तर बोका, रानमांजर किंवा उदमांजर.

४) बऱ्याच कोंबड्या मारलेल्या, पण खाल्लेल्या थोड्याच, सगळीकडे पिसे, तर कुत्री. कुत्र्याला भूक नसली तरी फडफड पाहून तो मारत सुटतो.

५) पिल्लू जमिनीतल्या बिळाकडे ओढलेले, पाय कुरतडलेले, तर घूस.

६) भर दिवसा अंगणातले पिल्लू गेले आणि कोंबडी ओरडत राहिली, तर घार किंवा शिकरा. कावळाही लहान पिल्लाला सोडत नाही.

साप का येतो?

ही गोष्ट मला माझ्या धंद्यामुळे लवकर समजली. कापडाच्या दुकानात उंदीर झाले तर गाठी कुरतडतात. उंदरांवर कितीही पिंजरे लावा, नोकराने डब्याचे खरकटे माळ्यावर टाकले तर ते पुन्हा येतात. खाणे बंद केले की उंदीर जातात. खुराड्याचेही तसेच आहे. साप पुष्कळदा कोंबडीसाठी येत नाही, उंदरासाठी येतो. आणि उंदीर येतो आपण रात्री तसेच सांडून ठेवलेल्या ज्वारी-मक्याच्या दाण्यासाठी. दाण्यामागे उंदीर, उंदरामागे साप, आणि मग सापापुढे अंडी.

दुसरे कारण आमच्या घरांच्या रचनेत आहे. परभणी हा कापसाचा मुलूख. वेचणी संपली की पऱ्हाटीचे आणि तुरीच्या तुराट्यांचे ढीग सरपण म्हणून अंगणात रचले जातात. शेजारीच गोवऱ्यांचा उडवा. जुन्या माळवदाच्या घरांत दगडमातीच्या भिंतींना भोके. ही सारी सापाची आणि घुशीची घरे. बहुतेकदा खुराडे याच ढिगाला टेकून बांधलेले असते. उन्हाळ्यात काळ्या मातीला खोल भेगा पडतात आणि साप त्यात राहतात. जूनमध्ये पाऊस पडून भेगांत पाणी भरले की ते बाहेर येऊन कोरडी जागा शोधतात. पावसाळ्याच्या तोंडाशीच नागाची पिल्लेही अंड्यातून निघतात. म्हणून जून ते सप्टेंबर हे चार महिने सर्वात जास्त एहतियात पाळावी.

तेव्हा पहिले काम बिनखर्ची आहे. खुराडे सरपणाच्या ढिगापासून दहा-पंधरा फूट दूर घ्यावे. संध्याकाळी सांडलेले दाणे झाडून घ्यावेत. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे. भिंतींची भोके दगड व सिमेंटने बुजवावीत. रोजची अंडी दिवस मावळण्याआधी काढून घ्यावीत.

खुराडे कसे असावे?

येथे आपल्या कारागीर बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. आमच्या जिल्ह्यात वेल्डिंगचे, पत्र्याचे आणि सुतारीचे काम करणारे पुष्कळ मुस्लिम कारागीर आहेत. चांगले खुराडे हा त्यांच्यासाठी आठवडी बाजारात विकण्याजोगा माल आहे.

दहा गावरान कोंबड्यांना रात्रीच्या मुक्कामासाठी चार फूट लांब आणि तीन फूट रुंद खुराडे पुरते. सांगाडा अँगलचा किंवा सागवानी पट्ट्यांचा चालेल. जमिनीपासून दोन फूट उंच चार पायांवर ठेवावे. यामुळे खाली झाडता येते, उंदीर बीळ करत नाही आणि विष्ठा खाली पडून खतही गोळा होते. उंच खुराड्याला कोंबड्यांसाठी लहान शिडी लागते. रात्री ती काढून ठेवावी.

खरी गोष्ट जाळीची आहे. बाजारात जी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीची जाळी म्हणून मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, चोराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो आणि साप तिच्यातून सहज जातो. वेल्ड केलेली, अर्धा इंच भोकाची, जस्त चढवलेली जाळी घ्यावी. ती चारही बाजूंना आणि तळालाही लावावी. तळाच्या जाळीवर पट्ट्या किंवा भुस्सा टाकावा, म्हणजे कोंबड्यांच्या पायांना इजा होत नाही. अर्धा इंचाच्या भोकातून लहान साप शिरू शकतो, हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावे. पण कोंबडी किंवा पिल्लू गिळण्याएवढा साप सहसा शिरू शकत नाही.

दार चौकटीच्या बाहेरून एक इंच चढेल असे असावे, म्हणजे फट राहत नाही. कडी एक नव्हे, दोन. मांजर आणि मुंगूस पंजाने ढकलून साधी कडी पाडतात. अंडी काढायची खिडकी बाहेरून उघडणारी ठेवावी. आत हात घालण्याआधी आतले सारे दिसले पाहिजे.

ज्यांचे खुराडे जमिनीवरच आहे, त्यांनी भिंतीच्या कडेने जाळी फूटभर खोल पुरावी. खोदणे जमत नसेल तर जमिनीवर बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून तिच्यावर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवावेत. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी कडेला उकरतो. तेथे जाळी लागली की तो कंटाळून निघून जातो.

माझ्या घरचे असे खुराडे शेजारच्या वेल्डर भाईंनी बनवले. जाळी, अँगल, पत्रा आणि मजुरी मिळून २ हजार ९०० रुपये लागले. म्हणजे आपांच्या एका नुकसानीच्या जवळपास निम्मे. त्या वेल्डर भाईंची एक गोष्ट मला आवडली. मी स्वस्त पडते म्हणून एक इंची जाळी मागितली, तेव्हा ते म्हणाले, "ती लावली तर तुमचे पैसे वाचतील, कोंबड्या वाचणार नाहीत." मालातला ऐब गिऱ्हाईकाला सांगणे हाच तिजारतीचा खरा उसूल आहे. जो कारागीर असे बोलतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

पिल्ले आणि खुडूक कोंबडी

सर्वात जास्त नुकसान येथेच होते. खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते. ती जागा सोडत नाही, म्हणून तिच्यावर हल्ला सोपा असतो. तिला कोपऱ्यातल्या टोपलीत न बसवता जाळीच्या वेगळ्या कप्प्यात बसवावे. पिल्ले निघाल्यावर पहिले सहा ते आठ आठवडे दिवसा डालग्याखाली किंवा वरून जाळी असलेल्या कुंपणात ठेवावीत. घार वरून येते, त्यामुळे मोकळ्या अंगणापेक्षा झाडाखालची किंवा मांडवाखालची जागा बरी. कळपात एक चलाख कोंबडा असावा. त्याचा इशारा ऐकताच पिल्ले आडोशाला पळतात.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेल्या वनराजासारख्या जाती गावरानापेक्षा दुप्पट अंडी देतात. पण त्या वजनाने जड असतात. गावरान कोंबडीसारखे झटकन उडून झाडावर बसणे त्यांना जमत नाही. म्हणून सुधारित जात घेणाऱ्याने आधी खुराडे बांधावे, मग पिल्ले आणावीत. त्याचबरोबर राणीखेत रोगाची लसही टोचून घ्यावी. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे आणि गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात याचा सल्ला मिळतो.

हे करू नका

फिनेल, कार्बोलिक, रॉकेल, लसूण शिंपडून साप पळतो, यावर भरवसा ठेवू नये. फिनेलच्या वासाने पिल्लांचेच नुकसान होते. उंदराचे विष खुराड्याजवळ ठेवू नये. कोंबडी ते विष किंवा विष खाल्लेला उंदीर टिपते. माशांचे नायलॉन जाळे गुंडाळू नये. साप त्यात अडकतो आणि सोडवणाऱ्याला चावतो. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे तर गुन्हा आहे. त्यात आपलेच मूल जाऊ शकते.

साप आणि मुंगूस मारणेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणे-खरेदी करणेही याच कायद्याखाली येते, हे पेंटर बंधूंनी लक्षात घ्यावे. शिवाय नुकसान कोणाचे होते तेही पहा. धामण बिनविषारी आहे आणि शेतातले उंदीर खाते. ती मारली तर ज्वारीच्या कणग्या उंदीर खातील. साप दिसला तर लांब राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मुक्या जनावरावर दया करणे हा आपल्या दीनचा भाग आहे. पण दया म्हणजे दार उघडे टाकणे नव्हे.

चावलाच तर

महाराष्ट्रात विषारी चावे मुख्यतः चार सापांचे असतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सरकारी दवाखान्यात मिळणारी प्रतिसर्पविष लस या चारही सापांवर चालते. मण्यार रात्री चावते आणि तिचा चावा दुखत नाही, म्हणून लोक फसतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर सापाची शंका घ्यावी.

चावलेल्या ठिकाणी कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. अंगठ्या, बांगड्या, दोरे काढून घ्यावेत. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नये. रोग्याला चालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा. दम, मंत्र, जडीबुटी यात वेळ घालवू नये. दुआ करायला कोणी मना केलेले नाही, पण ती गाडीत बसून करावी.

हा प्रश्न लहान नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने दगावले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यात शेतकरी, मजूर आणि गावात राहणारेच अधिक. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. आपल्या मराठवाड्याच्या मातीतले, मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला राहून विंचवाच्या आणि सापाच्या विषावर उभे आयुष्य काम केले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. एवढी विद्या उपलब्ध असताना आपण अंधारात हात घालत राहिलो, तर दोष कोणाचा?

मगरिब आणि फजर

आमच्या घरात आता एक नियम आहे. मगरिबची अजान झाली की खुराडे बंद. दोन्ही कड्या लावायच्या, शिडी काढायची, बॅटरीच्या उजेडात एकदा आत पाहायचे. संध्याकाळी दारे लावून घ्यावीत, भांडी झाकून ठेवावीत, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. सकाळी फजरनंतर लगेच दार उघडायचे नाही. चांगले उजाडू द्यायचे, मग पाहून उघडायचे. अंडी काढताना आधी काठीने गवत हलवायचे, मग हात घालायचा. मुलांना एकट्याने अंडी काढायला पाठवायचे नाही. या साऱ्याला दिवसाकाठी दहा मिनिटे लागतात.

आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण व्याख्यानात ऐकतो. खुराड्याची कडी लावणे हे त्याच शिकवणीवरचे अमल आहे.

शेवटी एक विनंती. ज्या गावात आपली उधारी आहे, त्या गावातल्या एखाद्या गरीब घराचे खुराडे पक्के करून देण्याची नियत करावी. दोन-चार व्यापाऱ्यांनी मिळून केले तर भार वाटत नाही. सदका म्हणून द्या किंवा बिनव्याजी कर्ज म्हणून. आपांनी माझ्याकडून सदका घेतला नाही. खुराड्याचे पैसे खात्यावर लिहायला लावले आणि सव्वा वर्षात अंडी विकून फेडले. मागच्या ईदला त्यांच्या कापडाची पूर्ण रक्कम रोख आली. कापड पाहताना त्यांचा तो मुलगा शेजारी उभा होता.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीची हिफाजत करो आणि तिच्यात बरकत देवो. आमीन.